एकपट

साप्पोरोत, रामेनच्या दुकानावर आमचं ऑफिस.
हाडांच्या रश्श्याचा वास कागदांनाही लागलेला.
हिरायामांनी टेबलावर चौकटींचा कागद पसरला:
चौदा आडवे, चौदा उभे.
आग, पाणी, गवत, बर्फ, लोखंड, किडे, भूत…
"सायोको, कोण कोणाला भारी, शुक्रवारपर्यंत भर.
दुप्पट, एकपट, निमपट, शून्य.
पाचवं काही नको,
कार्ट्रिजमध्ये जागा नाही."

पाणी आगीला भारी. दुप्पट.
आग गवताला. दुप्पट.
गवत पाण्याला, कारण ते पाणी पिऊन टाकतं.
इथवर कुठलंही पोर सांगेल.
भुताला बुक्की मारली, तर पालथ्या घड्यावर पाणी: शून्य.
भुताला भूत मात्र दुप्पट,
काट्यानं काटा.
मग आग आणि लोखंड.
पेन्सिल थांबली.
मी मुरोरानला फोन लावला.

बाबा एकतीस वर्षं झोतभट्टीवर होते.
"आग लोखंडाला हरवते का?"
पलीकडे टीव्हीवर सुमो चाललेला,
त्यांनी आवाज कमी केला.
"हरवते? वेडे, आगीच्या पोटातूनच तर लोखंड निघतं."
"आकडा सांगा, बाबा."
"मग लिही दुप्पट.
माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांना विचारून लिही."

ती बोटं माझ्या जन्माआधीपासून काही सांगत नाहीत.
आई त्यांना सुई टोचून दाखवायची पाहुण्यांना,
बाबा हसायचे.
शून्याचं घर मी शाळेत जायच्या आधी पाहिलंय.

"आणि पाणी आगीला भारी, हे कोण म्हणालं?
वितळलेल्या लोखंडात बादलीभर पाणी ओत एकदा,
छप्पर शोधायला समुद्रात जावं लागेल."
मी खोडरबर उचललं.
ठेवलं.
पोरांना उन्हाळ्यातली फुलबाजी ठाऊक असते,
बादलीत बुडवली की चुर्र करून विझणारी.

"तुमच्या खेळात गंज आहे का?"
नाही.
"हं," म्हणाले.
त्यांच्या स्वयंपाकघरातून ती भट्टी दिसते,
सात वर्षं थंड.
सुमोचा आवाज पुन्हा मोठा झाला.

नोव्हेंबरात हिरायामांचा भाचा खेळून बघायला आला.
तेप्पेई, नऊ वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेले.
ज्वालामुखीतल्या सरड्यापुढे
त्यानं शेवाळाचं कासव उभं केलं.
"अरे, ते गवतातलं. जळून जाईल."
जळलं.
पुन्हा आणलं, पुन्हा जळलं.
मग तो एका गुहेत शिरला
आणि चाळीस मिनिटं वटवाघळं मारत
कासवाला वाढवत राहिला.
खाली दुकान बंद झालं, शटर पडलं,
त्याच्या मामांनी दोनदा घड्याळ पाहिलं.
सरडा पडला तेव्हा
तो ओरडलासुद्धा नाही, नुसतं नाक पुसलं.
"तक्ता दाखवला होता ना तुला?"
"मी पाहिला होता," तो म्हणाला.
"कासवानं नव्हता."

तक्ता पक्का करायच्या आदल्या रात्री मी घरं मोजली.
दुप्पट अडतीस.
निमपट एकेचाळीस.
शून्य पाच.
उरलेली एकशे बारा, एकपट.

दुप्पट वार बसला की पडद्यावर अक्षरं येतात:
वर्मी लागलं!
निमपटीला: फारसं लागलं नाही.
शून्यालाही स्वतःचं वाक्य आहे,
ते लिहायला मला अख्खी दुपार लागली होती.
एकपटीला काही नाही.
वार होतो, जीव तेवढा कमी होतो,
पुढची पाळी.

हिरायामांना विचारलं, तिथंही एखादा शब्द घालू या का.
ते म्हणाले, दर वेळी तेच वाचायला लागलं
तर पोरं खेळ फेकून देतील.
बरोबर होतं त्यांचं.

रविवारी फोन केला.
बर्फ पडतोय का?
पडतोय.
जेवलात?
कॉड होता.
गुडघा?
तसाच.
ठेवतो मग.
ठेवा.